मेंदूतलं प्रथिन प्राणवायू ‘बांधतं’ की ‘धरतं’?

प्रश्न : दादरच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या हस्तलिखितासाठी न्यूरोग्लोबिनवर टिपण करतेय. २००० साली उजेडात आलेलं, पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूतलं हे प्रथिन. मी लिहिलं, ‘प्राणवायू-बंधक मज्जाप्रथिन’. एका मुलीने विचारलं, “बाई, हे हाडात असतं का?” तिथेच अडलेय.

उत्तर : ताई, मुलीचं बरोबर आहे. मज्जा मुळात हाडाच्या पोकळीतली. सप्तधातूंत ती अस्थीच्या पाठोपाठच येते. मराठीत मज्जातंतू, मज्जासंस्था रुळले आणि एरवी ते चालूनही जातात. पण इथे घोळ होतो, कारण हीमोग्लोबिन, म्हणजे न्यूरोग्लोबिनचं रक्तातलं भावंड, खरोखरच अस्थिमज्जेत, तांबड्या पेशी घडताना तयार होतं. ‘मज्जाप्रथिन’ वाचणारा त्या भावंडाच्याच घरी जाऊन पोचतो. ‘चेता’ घ्या, चेतापेशी मुलांना ठाऊक आहे.

‘बंधक’ तर नकोच. हिंदी बातम्या ऐकणाऱ्या मुंबईकराला त्यात ओलीस ऐकू येतो. बांधलेलं कुणीतरी सोडवावं लागतं. इथे हीममधल्या, म्हणजे प्रथिनात बसलेल्या लोहयुक्त रेणूमधल्या, लोहाशी प्राणवायू जोडला जातो आणि सुटतोही. लोकलमध्ये आपण कडी धरतो, उतरताना सोडतो. क्रियापद ‘धरणं’च हवं.

प्रश्न : मग ‘वाहक’ किंवा ‘साठवणारं’?

उत्तर : वाहक हीमोग्लोबिन, चार साखळ्यांचं, रक्ताबरोबर फिरणारं. न्यूरोग्लोबिन एकाच साखळीचं आणि पेशीतच राहणारं. त्याच्या लोहाजवळची प्राणवायूची जागा रिकामीही नसते. प्रथिनातलंच हिस्टिडीन नावाचं एक अमिनो आम्ल तिथे बसलेलं असतं, ते हटलं तर प्राणवायूला जागा. साठ्याचा मोह मलाही झाला होता. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसावलेल्या शरीराचा सुमारे २० टक्के प्राणवायू तोच वापरतो. पण मेंदूत हे प्रथिन इतकं थोडं असतं की त्या साठ्यावर मेंदूचं निभणार नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलात मात्र ते पुष्कळ. म्हणून नावातून साठ्याची ग्वाही देऊ नये.

मला ‘प्राणवायूधर’ आवडेल. जलधर म्हणजे ढग, पाणी धरतो आणि सोडतोही. तोच ‘धर’.

प्रश्न : ‘प्राणवायूधर चेताप्रथिन’ घेतलं. न्यूरोग्लोबिन हे नावही शेजारी ठेवते, ग्लोबिनांचं नातं दिसायला हवं. फक्त ‘हीम’चं काय? मुलं हमखास ‘हिम’ लिहितात, म्हणजे बर्फ!

उत्तर : पहिल्यांदा येईल तिथे ‘लोहयुक्त हीम’ असं लिहा. लोह शेजारी असलं की बर्फ मनात येत नाही.