पोटावर उतरलेलं विमान आणि पायलटची चूक

छोटं विमान पोटावर उतरलं म्हणजे पायलट चाकं खाली सोडायला विसरला, असं एकांनी ठामपणे लिहिलंय. विसरतातही, पण दर वेळी नाही हो. मी रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर दुरुस्त करतो. सीलला नखाएवढी चीर गेली तरी तेल गळून आख्खं प्रेस मशीन बंद पडलेलं पाहिलंय. पायपर अ‍ॅरोसारख्या विमानात चाकं वर धरून ठेवतो तो हायड्रॉलिक दाबच. दाब गेला तर चाकं आपल्या वजनानं खाली येतात, लॉक झाली की पायलटसमोर तीन हिरवे दिवे लागतात, दर चाकाला एक. पण चाकाची एखादी लिंक, म्हणजे जोडदांडी, तुटली, सांधा अडकला, तर तिसरा दिवा लागतच नाही. तेव्हा पायलटनं काय करायचं? आधी गिअरचे, म्हणजे चाकांच्या यंत्रणेचे, तुकडे तपासा, मग त्याला बोला.