साहित्य अकादमीची मराठी यादी : वाचायला कुठून घेऊ? आणि लघुयादी कुठे असते?

पूर्वा_पुस्तकी

नमस्कार मंडळी. साहित्य अकादमी मिळालेली मराठी पुस्तकं एकेक करून वाचायची असं मनावर घेतलंय. १९५५ पासूनची यादी वहीत उतरवून काढली आणि पहिल्याच नावाला पाय लटपटले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, 'वैदिक संस्कृतीचा विकास'. खाली मर्ढेकर दिसले म्हणून जरा हुरूप आला, तर पुस्तक 'सौंदर्य आणि साहित्य'. म्हणजे कविता नाहीच! क्रमाने गेले तर १९६० च्या 'ययाति'पर्यंत पोचायच्या आत माझा संकल्प गार होणार.

तर, जाणकारांनी क्रम सुचवावा. आणि दुसरं म्हणजे, बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पुरस्काराची कशी आधी लांब यादी येते, मग सहा पुस्तकांची लघुयादी येते, तशी अकादमीची वर्षवार कुठे मिळते का? माझं नेहमी असं होतं की जिंकलेल्या पुस्तकापेक्षा थोडक्यात हुकलेलं पुस्तक जास्त आवडतं.

खडूस_वाचक

क्रमानेच वाचा. यादी म्हणजे फराळाचं ताट नव्हे, आधी चकली उचलायला.

देवघेव

खडूसरावांचं ऐकू नका. त्यांनी स्वतः 'वैदिक संस्कृतीचा विकास' कुठपर्यंत वाचलंय ते आधी विचारा.

पूर्वाताई, मी तालुक्याच्या एका ब वर्ग वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. बहुतेक वर्षी डिसेंबरात अकादमीचा निकाल लागायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार सभासद पेपरातलं कात्रण घेऊन हजर. पुस्तक आमच्याकडे बहुधा नसायचंच. मग मागणी, मंजुरी, खरेदी, दाखल क्रमांक, वर 'पुरस्कारप्राप्त' अशी लाल शाईतली चिठ्ठी. इतकं होईतो मार्च उजाडायचा आणि कात्रणवाले विसरलेले असायचे. त्यामुळे ही यादी मी वाचक म्हणून कमी आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या तारखांवरून जास्त ओळखतो. 'स्वामी'च्या तारखांचा कागद भरला की त्यावर दुसरा डकवावा लागायचा. 'सौंदर्यमीमांसा'चा कागद मी नोकरीला लागलो तेव्हा होता तोच निघालो तेव्हाही होता.

आता मुद्दा. या यादीत एक गंमत आहे, ती कळली की वाचायला सोपं जातं. पुरस्कार पुस्तकाला असतो, पण कित्येकदा तो लेखकाची जुनी थकबाकी चुकती करायला दिलेला असतो. माणूस बरोबर, पुस्तक भलतंच. मर्ढेकर तुम्हाला सापडलेच. नवकवितेचा हा माणूस यादीत आहे तो सौंदर्यशास्त्रासाठी, तेही १९५६ साली, म्हणजे गेले त्याच वर्षी. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, पुरस्कार १९८५ चा आणि तो 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला. नेमाड्यांना १९९१ साली मिळाला तो 'टीकास्वयंवर'ला. 'कोसला' १९६३ ची. गंगाधर गाडगीळ नवकथेचे आणि यादीत 'एका मुंगीचे महाभारत' घेऊन, तेही आत्मचरित्रच. ग्रेस आणि सतीश काळसेकर, दोघेही कवी, दोघांनाही मिळाला गद्याला. आणि विंदा करंदीकर? त्यांना ज्ञानपीठ मिळालं, पण या यादीत लेखक म्हणून नाव नाही. त्यांच्या गद्यावरचं सुधीर रसाळांचं पुस्तक मात्र २०२४ चं मानकरी.

हे सगळं कुणाच्या दुष्टाव्यामुळे होतं असं नाही. सध्याचा नियम असा आहे की पुरस्काराच्या वर्षाच्या लगेच आधीचं वर्ष सोडायचं आणि त्यामागच्या पाच वर्षांत पहिल्यांदा छापलेलं पुस्तक धरायचं. २०२४ चा पुरस्कार म्हणजे २०१८ ते २०२२ मधली पुस्तकं. ती मुदत टळली की पुस्तक कायमचं बाद, पण लेखक बाद होत नाही. मग पुढे कधीतरी त्याचं जे नवीन पुस्तक मुदतीत बसतं त्याला मिळतो. शिवाय एकदा मिळाला की त्या लेखकाला पुन्हा नाही. आता तीन परीक्षकांनी काय करावं?

म्हणून माझा सल्ला असा. जिथे पुस्तक आणि वेळ दोन्ही जुळून आलं ती आधी घ्या. 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६५), 'युगान्त' (१९६८), 'काजळमाया' (१९७३), 'नटसम्राट' (१९७४). 'युगान्त' म्हणजे इरावती कर्व्यांचं, महाभारतातल्या माणसांवरचं. एलकुंचवारांचं 'युगान्त' नाटक २००२ चं, ते वेगळं. आमच्याकडे ही दोन्ही अनेकदा एकमेकांच्या जागी निघायची. मग आत्मकथनं घ्या. 'उपरा' १९८१, 'उचल्या' १९८८, आणि १९९० ची 'झोंबी' कादंबरी म्हणून छापलेली असली तरी याच रांगेतली. सौंदर्यशास्त्र सगळ्यात शेवटी. आपल्या यादीत नावातच 'सौंदर्य' असलेली चार पुस्तकं आहेत: मर्ढेकर, पाटणकर, शरच्चंद्र मुक्तिबोध, प्रभाकर पाध्ये. विषय वाईट नाही, पण ही चारही लागोपाठ घेतली तर तुम्ही या जन्मात कादंबरीकडे वळणार नाही.

एक मात्र वाट वाकडी करून बघाच. इतिहासकार शेजवलकरांचं 'श्री शिवछत्रपती', १९६६. उपशीर्षक आहे 'संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने'. शिवचरित्र लिहून झालंच नाही. लेखक १९६३ ला गेले, पुस्तक नंतर आलं. न लिहिलेल्या ग्रंथाच्या आराखड्याला अकादमी मिळालीय, आणि ती वावगी वाटत नाही. प्रस्तावना एका बैठकीत वाचून होत नाही, पेन्सिल घेऊन बसा.

रानभूल

काका, लेख झकास, पण 'माणूस बरोबर, पुस्तक भलतंच' हे जरा ताणलंय तुम्ही. व्यंकटेश माडगूळकर घ्या. तुमच्या हिशेबाने त्यांना 'बनगरवाडी'ला मिळायला हवा होता आणि १९८३ साली 'सत्तांतर'ला मिळाला म्हणजे थकबाकी. अहो, पण 'सत्तांतर' कमी कुठे आहे? वानरांच्या टोळ्यांची एवढीशी कादंबरी, त्यात कुठे उपदेश नाही की रूपकाचा आव नाही, आणि तरी सत्ता म्हणजे काय ते अंगावर येतं. दुर्गाबाई भागवतांचंही तेच. सगळे 'ऋतुचक्र' म्हणतात, मी 'पैस' म्हणेन. १९७१ च्या परीक्षकांना दंडवत.

माझी तक्रार वेगळी आहे. इरावतीबाई, दुर्गाबाई, गोदावरी परुळेकर, म्हणजे १९६८ ते १९७२ मध्ये तीन बायका. मग थेट १९८४ ला इंदिरा संत, १९९३ ला विजया राजाध्यक्ष, २००६ ला आशा बगे, २०१९ ला अनुराधा पाटील. मधल्या काळात बायका लिहीत नव्हत्या का? ही थकबाकी कोण चुकती करणार? पूर्वा, तू या सातजणींपासून सुरुवात कर. 'जेव्हा माणूस जागा होतो' आधी. वारल्यांच्या लढ्याचं आहे, आणि ज्यांनी तो लढा उभा केला त्यांनीच लिहिलंय.

देवघेव

'सत्तांतर'बद्दल मान्य. 'पैस'बद्दलही, पण 'ऋतुचक्र' वाचल्यावर. आणि सातजणींची यादी माझ्या क्रमापेक्षा चांगली आहे, हे मी तुमच्याशी भांडता भांडता म्हणतोय.

खडूस_वाचक

ज्यांनी नाकारला त्यांचं कुणी बोलतच नाही. 'काजळमाया'च्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तेव्हा जी.ए. कुलकर्ण्यांनी पुरस्कार परत केला. नंदा खऱ्यांनी २०२० सालचा 'उद्या'चा घेतलाच नाही. पुरस्कार घेणं त्यांनी आधीच बंद केलं होतं. एक लाख रुपये आणि ताम्रपट नको म्हणायला वजन लागतं. यादीत मात्र दोघंही आहेत, आणि असायलाच हवेत.

(आणि हो देवघेवसाहेब, तर्कतीर्थ पूर्ण वाचलाय. दोनदा.)

अनुवादू

लघुयादीचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. अकादमीतही आधी मोठी यादी होते, ती गाळत गाळत तीन परीक्षकांपुढे जाते. निकालाबरोबर परीक्षकांची नावं जाहीर होतात. पण बुकरसारखा लघुयादीचा सोहळा, सहा पुस्तकांचे फोटो, महिनाभर पैजा, असलं इथे काही नाही. लोकांपर्यंत पोचते ती एकच ओळ: मराठीसाठी अमुक.

आणि लघुयादीने किती फरक पडतो ते रोहिंटन मिस्त्रींकडे बघून कळतं. १९९१, १९९६ आणि २००२, तिन्ही कादंबऱ्या बुकरच्या लघुयादीत, एकदाही जिंकले नाहीत. तरी 'अ फाइन बॅलन्स' आजही लोक शोधून वाचतात. अनिता देसाईंचंही तसंच, तीनदा लघुयादीत. बुकर घरात आणलं ते लेकीने, किरण देसाईंनी, २००६ ला. आपल्याकडे असं 'तीनदा हुकलेला लेखक' म्हणून कुणाला ओळखताच येत नाही. हुकलं कोण हेच लोकांना ठाऊक नसतं, मग त्याचं पुस्तक मागणार कोण?

मराठी पुस्तक लघुयादीत बघायचंच असेल तर भारतीय कादंबऱ्यांच्या जेसीबी पुरस्काराची २०२४ ची यादी बघा. पाच पुस्तकांत शरणकुमार लिंबाळ्यांची 'सनातन' होती, इंग्रजी अनुवादात. जिंकले उपमन्यू चॅटर्जी. आंतरराष्ट्रीय बुकर हिंदीला २०२२ मध्ये मिळालं ('रेत समाधि'), कन्नडला २०२५ मध्ये (बानू मुश्ताक). तिथे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटतात. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये छापलेला लागतो, आणि आपली गाडी तिथेच अडते.

पूर्वा_पुस्तकी

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आधी 'जेव्हा माणूस जागा होतो', मग 'सत्तांतर' (छोटी आहे म्हणूनही), मग 'काजळमाया'. त्यानंतर 'झाडाझडती' (१९९२) आणि 'रिंगाण' (२०२३) पाठोपाठ, कारण दोन्ही धरणाने उठवलेल्या माणसांच्या आहेत आणि मध्ये तीस वर्षं गेलीत.

देवघेवकाका, शेजवलकरांची जुनी प्रत कुठे मिळेल? आमच्या इथल्या वाचनालयाच्या यादीत दिसतेय, पण जागेवर नाही.

देवघेव

'इतिहास'मध्ये नसेल तर 'चरित्र'मध्ये बघा. तिथेही नसेल तर दाखल नोंदवहीतला क्रमांक काढून घ्या आणि संदर्भ विभागाचं कपाट उघडायला सांगा. जाड पुस्तकं बहुधा तिकडे कुलपात जातात. 'ते देत नाही' म्हणाले तर तिथेच बसून वाचायची परवानगी मागा, ती नाकारत नाहीत.