उन्हातही फ्लॅश मारा
समुद्रकिनाऱ्यावरच्या आणि बर्फातल्या फोटोंत चेहरे काळे येतात, यावर बरेच जण 'कॅमेरा बदला' असं सुचवतात. मला नाही पटत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरी वाळू, बर्फ किंवा मोठं आकाश दिसलं की तो एक्स्पोजर (म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड) कमी करतो आणि माणसं अंधारात जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे हा उजेड आपण कमी-जास्त करायचं, अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा, बर्फात +1 पासून सुरुवात करा. माणसं जवळ असतील तर भर दुपारीही फ्लॅश चालू ठेवा, ऑटोवर नको. डोळ्यांखालच्या सावल्या बऱ्याच कमी होतात.

मात्र छोट्या कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा पल्ला जेमतेम 3-4 मीटर. रात्री लांबच्या रोषणाईवर तो मारणारे पाहिले की हसू येतं (मीही मारलाय!). तिथे फ्लॅश बंद, कॅमेरा कठड्यावर टेकवायचा आणि 2 सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही.

आणि हो, डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करून टाका. तो चित्राचा मधला भाग कापून ताणतो, एवढंच. ते घरी कॉम्प्युटरवरही होतं.