मॅटाडोर कॅम्परच्या पोटाला काळं कोटिंग: संरक्षण की गंजावर पांघरूण?

खाडीकाठ (कोलशेत, ठाणे)
एप्रिल उजाडला की वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत प्रत्येक गॅरेजात एकच सल्ला मिळतो: "पावसाच्या आधी खालून काळं मारून घ्या." नव्या गाडीला ठीक आहे. पण तीस-चाळीस वर्षांची मॅटाडोर, आत बेड, ओटा, सिंक बसवलेली, तिला हे काळं म्हणजे गंजावर घातलेलं पांघरूण आहे. वाद घाला, पण आधी कारण ऐका.

डांबरी कोटिंग सुरुवातीला लवचिक असतं, मग कडक होतं. जुन्या डिझेलच्या थरथरीनं आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी पत्रा हलतो, कोटिंग हलत नाही. कडेला केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नाही. त्यात खाडीच्या हवेतलं मीठ. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून पाऊस उघडला तरी भेगेतला पत्रा सुकत नाही. वरून गाडी काळी कुळकुळीत, आत पत्र्याचा पापड.

तपासायला बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी पुरे. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला बद्द वाजतो. पुढच्या चाकांच्या कमानीमागे, दाराखालच्या पायरीच्या पोकळ पट्टीत, बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या दाराच्या उंबऱ्याखाली आणि जिथे पत्र्यावर पत्रा चढवलाय तिथे टोचून बघा. कोटिंग पापुद्र्यासारखं उचललं गेलं आणि खाली तपकिरी भुकटी निघाली, तर ते सगळं खरवडायचं, दुसरा इलाज नाही.

त्यानंतर ग्राइंडरला वायर कप लावून सैल गंज काढा. घट्ट बसलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर लावा, तो काळा पडून वाळला की वर न वाळणारं वॅक्स किंवा लॅनोलिन (लोकरीतलं मेण). पोटाला साधारण ३-४ लिटर, पोकळ पट्ट्यांना आणखी २ लिटर. पट्ट्यांत मारायला मीटरभर नायलॉनची नळी आणि तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल लागतं. मे महिन्यात एकदा मारायचं, ऑक्टोबरात खाली झोपून बघायचं. वॅक्सला ओरखडा गेला तर दिसतो आणि ब्रशनं पाच मिनिटांत भरून निघतो.

तुर्भे_पत्रा
निदान बरोबर, औषध चुकलं. तुम्ही ज्याला शिव्या देताय ते गंजलेल्या, तेलकट पत्र्यावर मारलेलं स्वस्त डांबर आहे. दोष कोटिंगचा नाही, खालच्या तयारीचा आहे.

पत्रा चकचकीत उघडा करा, थिनरनं पुसा, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मारा, सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा आणि मग वरून रबरी कोट द्या. अशा कोटखाली भेग पडली तरी पाणी इपॉक्सीवर अडतं. रेड ऑक्साईड मात्र नको. तो सच्छिद्र असतो, ओलावा झिरपू देतो, आणि गॅरेजवाला तोच मारतो कारण तो स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो.

वॅक्सचं म्हणाल तर साचलेल्या पाण्यातून चार फेऱ्या झाल्या आणि सर्व्हिस स्टेशनवर एकदा प्रेशरनं धुतलं की चाकांच्या कमानीतलं अर्धं वॅक्स गेलं. गिट्टीचा मारही तिथेच सगळ्यात जास्त. निदान कमानीत तरी कडक-रबरी थर हवाच.

इपॉक्सीची एकच अट सांभाळायची. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना तो मारू नये, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते) निदान ३ अंश गरम असावा. म्हणजे ठाण्यात हे काम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात "आजच्या आज करून देतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

खाडीकाठ
चकचकीत उघडा करा म्हणता, पण पोकळ पट्टीच्या आतून कसा करणार? तिथे ना ग्राइंडर जात ना ब्रश. गंज आतून बाहेर येतो, बाहेर फोड दिसेपर्यंत आतली बाजू गेलेली असते. इपॉक्सीचा माणूस तिथे हात टेकतो, वॅक्स मात्र सांध्यात शिरतं. कमानीपुरता रबरी कोट मला मान्य.

स्पॅनर_सतरा (खारघर)
दोघंही गाडीखाली झोपून भांडताय, पाणी वरून येतंय.

कॅम्परचा गंज मालवाहू मॅटाडोरपेक्षा वेगळा असतो, कारण माणसं आत झोपतात आणि स्वयंपाक करतात. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणजे तासाला दीडशे ग्रॅम खाणाऱ्या छोट्या शेगडीतून पेलाभर पाणी हवेत. त्यात रात्रभरचे श्वास. माळशेजला पहाटे पत्रा गार पडला की हे सगळं पाणी अस्तराच्या मागे पत्र्यावर जमतं, ओघळून जमिनीच्या प्लायखाली जातं आणि तिथेच मुक्काम करतं.

अस्तरात ग्लासवूल भरलं असेल तर ते आधी फेका. ते पाणी पितं आणि पत्र्याला ओलं फडकं लावून ठेवल्यासारखं चिकटून बसतं. त्याजागी बंद पेशींचा नायट्राईल फोम, १० मिमी, पूर्ण चिकटवलेला, मध्ये हवा राहता कामा नये. जमिनीचा प्लाय थेट पत्र्यावर टाकू नका. खाली पट्ट्या मारून १० मिमी फट ठेवा आणि प्लायच्या कापलेल्या कडा इपॉक्सीनं बंद करा, सडायला सुरुवात तिथूनच होते.

छताच्या झडपेला आणि काचांच्या रबराला सिलिकॉन लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा वास आला तर ते ॲसेटिक आम्ल सोडणारं सिलिकॉन. बाथरूमच्या टाइलला चालतं, पत्र्याला खातं. तिथेही पीयूच.

गळती आणि वाफ थांबवली नाही तर तुमचं वॅक्स काय आणि इपॉक्सी काय, दोन्ही पाण्यात.

तुर्भे_पत्रा
वाफेचं शंभर टक्के खरं. पण मुळात सडलेल्या पत्र्याचं काय ते कुणीच बोललं नाही. कन्व्हर्टर गंजाचं रूपांतर करतं, भोक बुजवत नाही. भोकावर फायबरची जाळी आणि लांबी (खड्डे भरायची पेस्ट) थापणारे भरपूर आहेत. लांबीचा थर पाणी शोषतो आणि वर्षभरात पोपड्यासकट गळून पडतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला साधा) पत्रा मागा, जमिनीला आणि पायरीला तोच. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि रात्री ताप भरतो. सीओटू वेल्डिंग, ०.८ मिमी वायर. गॅसच्या ज्योतीवर शिवू नका, पत्रा लाटा मारतो.

पायरीची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा टॅक करा (तात्पुरते टाके मारून), नाहीतर चौकट बसते आणि दार पुन्हा लागत नाही. एका वेळी फूटभरच कापा. टाका इंचभराचा, मग दुसरीकडे जा, पहिला गार झाला की परत या. सलग ओढलं की पत्रा गेलाच. आणि हो, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, डिझेलची टाकी उतरवा आणि तो नायट्राईल फोम हातभर मागे काढा. आगी बहुतेक अस्तरातच लागतात.

नोंदणी_वही (वाशी)
पत्रा कापायला निघालात, पण एक विचार करा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची कलमं आली, ८१अ पासून पुढे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खाजगी गाडी चालते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची मॅटाडोर आता त्या वयात आली. नवी नोंदणी २० हजार रुपये, १० वर्षांसाठी, वर 'व्हीए'ची पाटी. पायऱ्या कापून घरगुती पत्रा जोडलात तर हा दरवाजा बंद होऊ शकतो. मूळ पत्रा जपा, वॅक्सवाल्याचं ऐका.

स्पॅनर_सतरा
साहेब, ती पाटी लावून रोज रस्त्यावर फिरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. काशिदला मुक्काम त्यात कुठे बसतो? शिवाय छत कापून पॉप-टॉप (वर उचलणारं छत) बसवलेली गाडी बॉडी शेलच्या अटीत तशीही नापास. आपल्याला १५ वर्षांनंतरचं ५-५ वर्षांचं नूतनीकरणच बरं, आणि बेड-ओट्याचा बदल आरसी बुकात चढवून घेतलेला असावा.

नोंदणी_वही
छत न कापलेल्याही आहेत. आणि त्याच मापाचा, त्याच जागी पत्रा म्हणजे दुरुस्ती की बदल, हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही. मूळ अवस्थेचे आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो तरी काढून ठेवा.

खाडीकाठ
फोटोंचं पटलं. तुर्भेकर, भोक पडलं असेल तर शिवाच, त्यावर वाद नाही. नव्या पत्र्याला बाहेरून तुमचा इपॉक्सी, पोकळीत माझं वॅक्स. पण डांबरावर पुन्हा डांबर, याला मी अजूनही नाहीच म्हणणार.

आणखी एक. कोटिंगवाला पट्टीच्या तळाची निचऱ्याची भोकं हमखास बुजवतो. काम झाल्यावर प्रत्येक भोकात ६ मिमीची तार घालून बघा, पाणी ओतून खाली गळतंय का ते पाहा. वॅक्स एवढं मारू नका की रबरी बुश, ब्रेकचे होज आणि पुढच्या ॲक्सलचे बूट भिजतील. खनिज तेलात रबर फुगतं, म्हणून जळकं इंजिन ऑइल फवारणाऱ्यांना तर गाडीजवळ उभंच करू नका. मारल्यावर दोन-तीन दिवस ठिबकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाली पुठ्ठे अंथरा, सेक्रेटरींचा फोन यायच्या आत.