व्हिडिओवर पाहून घर-प्लॉट घेताय? मराठवाड्यातले अनुभव लिहा

पुण्यात, हैदराबादला किंवा आखातात राहून संभाजीनगर, लातूर, नांदेडला घर शोधणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. बिल्डरची माणसं लिंक पाठवतात, मोबाईलवर घर फिरून दिसतं. सुट्टी मिळत नाही, तेव्हा सोय आहेच. पण त्या घरात राहणार असतात बहुधा आपले आई-वडील. म्हणून विचारतो: कॅमेऱ्यात काय आलं नव्हतं? बिल्डरचं नाव लिहू नका, हकीकत लिहा.

संभाजीनगर, सध्या दुबई
व्हिडिओ कॉलवर सेल्सवाल्यानं किचनचा नळ सोडून दाखवला. धार जोरदार. टाकीत पाणी येतं कुठून, विचारलं तर म्हणे, "बोअर आहे ना सर." मे महिन्यात मेव्हण्याला पाठवलं. तो साइट ऑफिसात गेलाच नाही, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनजवळ जाऊन बसला. त्या पट्ट्यातले बोअर उन्हाळा लागला की आटतात, मग टँकर, आणि त्याची वर्गणी मेंटेनन्सच्या वर. जायकवाडी भरलेलं असलं तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथं राहिलेल्याला ठाऊक असतं. बाहेरच्याला लिंक बघून कसं कळणार? आम्ही तो फ्लॅट सोडला.

लातूर
२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं शहर. इथं घर बघताना पहिला प्रश्न हौद किती लिटरचा, हाच.

सिव्हिल इंजिनिअर, लातूर
वरच्यांना जोडून. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. पुट्टी आणि रंग ताजा असेल तर व्हिडिओत त्या दिसणार नाहीत. जुनं घर घेत असाल तर पावसाळ्यानंतर माणूस पाठवा, जोत्याभोवती आणि गच्चीखालच्या छताला बघायला सांगा. नव्या इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या माणसांना यात कटकट वाटणार नाही.

बीड, सध्या पुणे
वाइड अँगल लेन्सनं खोली ऐसपैस दिसते. माझ्या बहिणीनं टेप नेली. बेडरूममध्ये डबल बेड ठेवला की कपाटाचं दार पूर्ण उघडत नव्हतं. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) बघा. त्यात बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात.

नांदेड
एप्रिलमधलं ड्रोन शूटिंग, सपाट कोरडी जमीन, मधोमध रुंद रस्ता. आमच्या मामांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "अरे, इथं आम्ही म्हशी धुवायचो." नाला बुजवून प्लॉट पाडले होते. गोदावरीची पूररेषा कुठून जाते, हे नकाशावर बघूनच पुढं जा.

नोंदणीची कामं करतो, जालना
कमान, पांढरी फक्की, रोवलेले दगड हे सगळं व्हिडिओत छान दिसतं. सातबारा मात्र स्वतः ऑनलाइन काढा, व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत धरू नका. भोगवटादार वर्ग २ दिसलं की थांबा. ती जमीन बहुधा परवानगीशिवाय विकता येत नाही. इनाम, कुळ, देवस्थान असे शेरे इतर हक्कांत असतात, तो रकाना शेवटपर्यंत वाचा. मंजूर लेआउट नसेल तर तो बहुधा गुंठेवारी प्लॉट, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला. "नंतर नियमित होतो" असं सर्रास सांगतात. गुंठेवारी नियमित करण्याच्या २००१ च्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, पण ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला तो आधार लागू नाही. माझ्याकडं येणारे बहुतेक जण पैसे देऊन झाल्यावर हे विचारतात, त्याचं फार वाईट वाटतं.

धाराशिव, सध्या हैदराबाद
व्हिडिओनं माझं काम सोपंही केलं. नको ती घरं घरबसल्या गाळली, उरलेल्यांसाठी आईच संध्याकाळी रिक्षानं जाऊन आली. जिना चढून बघितला, किराणा दुकान किती लांब ते बघितलं, खालच्या काकूंकडं चहा घेतला. तिनं सांगितलं तेच घर घेतलं.

परभणी, सध्या मस्कत
वसमत रोडला एका प्लॉटची लिंक आली आहे. वडील आजारी आहेत, जाणारं कुणी नाही. जवळपास राहणारं कुणी पाऊस पडल्यावर एक चक्कर मारून रस्ता आणि पाण्याचा निचरा बघेल का?