धुतल्यावर कापडी बाहुलीची मान पडते. उपाय हवा आहे

जळगाव जिल्ह्यात आम्ही काही जणी लहान मुलांसाठी हाताने कापडी बाहुल्या शिवतो. अंगासाठी आधी धुऊन आटवलेला मांजरपाट आणि आत भरायला सरकी काढून पिंजलेला इथलाच कापूस वापरतो. दारात कापूस पिकत असताना, बाळ ज्या खेळण्याला तोंड लावणार त्यात पॉलिएस्टरचे तंतू भरणे मनाला पटत नाही.

अडचण धुण्याची आहे. हलक्या हाताने धुतली तरी आतला कापूस बसतो, पोटात गोळे होतात आणि मानेपाशी पोकळी पडून डोके एका बाजूला कलते. उन्हात वाळवून बोटांनी मोकळे केले तरी गोळे सुटत नाहीत. कापूस अधिक दाबून भरला, तर मान ताठ राहते, पण टाके उसवू लागतात आणि आतला भाग लवकर वाळत नाही. ओल राहून बुरशी धरण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चिंध्या मिसळल्यावर बाहुली जड झाली.

बाहुल्या 3 वर्षांखालील मुलांसाठी असल्याने मानेत काडी किंवा तार चालणार नाही; डोळेसुद्धा आम्ही बटणांऐवजी दोऱ्याने भरतो.

कापूस आधी पातळ सुती पिशवीत भरून, गादीला घालतात तसे टाके घालून मग बाहुलीत बसवला, तर गोळे थांबतील का, आणि मानेत कोणत्या कापडाची गुंडाळी घातली असता ती धुतल्यावरही डोके पेलेल व लवकर वाळेल?