पिल्लं घातलेल्या भटक्या मांजरीला माणसाळवावं का?

अबोली (धागाकर्ती)

माझं मत आधीच सांगते, मग वाद घालू. माणसाला बुजणाऱ्या भटक्या मांजरीला मांडीवर आणायचा हट्ट धरू नये. तिचा विश्वास हवा, पण तो एवढाच, की आपण रोज दिसलो तरी तिने पिल्लं उचलून दुसरीकडे नेऊ नयेत आणि पुढे तिची नसबंदी करता यावी. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना वेळेत माणसाळवलंच पाहिजे.

लिहायला कारण आमच्या सोसायटीतली बाचाबाची. पंपरूमच्या मागे एक मांजरी व्याली आहे. एक गट म्हणतो, पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या. दुसरा गट दिवसभर मोबाइल घेऊन तिथे वाकून बघतो आणि दुधाच्या वाट्या ठेवतो. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून येणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे पहिल्या गटाला सांगून झालं. दुसऱ्या गटाचा हेतू चांगला, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि सारखं वाकून बघितलं की आई जागा बदलते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपण म्हणतो. भर पावसात ते सातवं घर एखाद्या गाडीच्या बॉनेटखाली असू शकतं.

माझी पद्धत साधी आहे. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने जायचं. नुसती उकडलेली कोंबडी किंवा मांदेली न्यायची. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजरांना विषारी. वाटी ठेवून लांब, जमिनीवर, जरा तिरकं बसायचं. रोखून बघायचं नाही, मांजरांना ती धमकी वाटते. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडायचे. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं होतं. अनोळखी माणसाने असे डोळे मिटले की मांजरं त्याच्याकडे जास्त वेळा गेली. वाटी रोज थोडी पुढे घ्यायची. ती फिस्कारली की त्या दिवशी तिथेच थांबायचं.

चौथा_मजला

तुमची कळकळ दिसते, पण मला हे पटत नाही. रस्त्यावरची मांजरी जगते ती भीतीच्या जोरावर. तुम्ही ती भीती कमी करता, पण आवारात सगळेच तुमच्यासारखे नाहीत. वाटीच्या आवाजाला धावत येणारी मांजरी उद्या दगड घेतलेल्या हाताकडेही धावत जाईल. विष घातलेला मासा खाईल. आणि तुम्ही सांगता तो प्रयोग घरात पाळलेल्या मांजरांवर झाला होता. पंपरूममागच्या मांजरीला तो लावता येत नाही.

अबोली

प्रयोग पाळीव मांजरांवरचा होता, हे बरोबर. म्हणूनच मी त्यावर सगळी मदार ठेवत नाही, वेळ आणि अंतर पाळण्यावर ठेवते. पण ‘सगळ्यांकडे धावेल’ हे मान्य नाही. मांजरं माणसा-माणसात फरक करतात. आमची मांजरी मला बघून जागेवर बसून राहते आणि त्याच वेळी वॉचमन आला तर पाइपमागे जाते. मला एवढंच हवं आहे. म्हणून तर ‘एकच माणूस’ म्हटलं.

तळकोकणी

आमच्याकडे मालवणात पडवीत, माळ्यावर मांजरं कायम असतात. भाताच्या कणग्यांना त्यांची गरज असते. मासे साफ करताना डोकी-शेपट्या टाकल्या की येतात, खातात, जातात. हात कुणी लावत नाही आणि त्यांनाही तो नको असतो. आई आधी मेलेला उंदीर आणते, मग अर्धमेला, मग जिवंत सोडते आणि पिल्लं शिकार शिकतात. हे शिक्षण चालू असताना तुम्ही त्यांना टॉवेलात गुंडाळून चमच्याने भरवणार. मग ती ना धड शिकारी राहतात, ना धड घरातली. प्रत्येक जनावर आपल्या कुशीत आलंच पाहिजे का? मला यात मांजरांपेक्षा आपली हौस जास्त दिसते.

पशुवैद्य_सातारा

दोन्ही बाजू वाचल्या. आधी मांजरी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा. घरातून टाकलेली असेल तर सुरुवातीला तीही फिस्कारते, पण हळूहळू शेपटी उभी करून येते, म्याव करते. जन्मापासून माणसाशिवाय वाढलेली सहसा माणसाकडे बघून म्याव करत नाही आणि तुम्ही गेल्यावरच खाते. पहिली परत घरात रुळू शकते. दुसरीला कोंडून माणसाळवणं हा तिचा छळ आहे. इथे तळकोकणींशी सहमत.

पिल्लांबाबत मात्र नाही. त्यांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांच्या मनात माणूस बसतो किंवा बसत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांना या काळात रोज हाताळून बघितलं. रोज पंधरा मिनिटांपेक्षा चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं माणसाजवळ जास्त रमली. म्हणजे चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं मऊ खाणं चाटू लागली की कामाला लागायचं. पण आठ आठवड्यांपर्यंत आईपासून तोडू नका. त्याआधी उचललेली पिल्लं आजारी पडतात. अगदी लहान पिल्लांना तर आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही.

आणि आईची घाई करा. दूध पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. पिल्लं आपलं आपण खाऊ लागली की नसबंदी करा.

एक धोक्याचं सांगतो. चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही. मुलांना पिल्लांजवळ एकटं सोडू नका.

निशिगंध

मला वेगळंच खटकतं. तुम्ही तिला रोज खाऊ घालून जवळ आणणार आणि नसबंदीसाठी त्याच खाण्याच्या आमिषाने पिंजऱ्यात अडकवणार. त्यानंतर ती पुन्हा तुमच्या वाटीजवळ कशाला येईल? हा विश्वासघात आहे आणि तिच्या बाजूने बघितलं तर त्याला दुसरं नाव नाही.

अबोली

तुमचं दुःख समजतं, पण मी वर्षाला दोन-तीन वेळा विणाऱ्या आणि बहुतेक पिल्लं गमावणाऱ्या मांजरीकडेही बघते. पिंजरा आधी काही दिवस दार बांधून उघडा ठेवायचा आणि वाटी रोज जरा आत सरकवायची. शेवटच्या दिवशी दार सोडायला खाऊ घालणारा माणूस जाऊ नये, दुसरा जावा. दार पडलं की लगेच जाड चादर टाकायची. अंधार झाला की बरीच मांजरं गप्प बसतात. ऑपरेशननंतर नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे तिला पुन्हा कुणी उगाच पकडत नाही. परत आणायचं ते त्याच जागी, त्याच वाटीजवळ. काही दिवस ती लांब राहील. तेवढं मी सोसेन, तिलाही सोसावं लागेल.

चौथा_मजला

नसबंदीला माझा विरोध नाही, वर्गणीही देईन. पण पिल्लांचा प्रश्न तुम्ही दोघांनी टाळला. हाताळून माणसाळवलेल्या पिल्लांना घरं मिळाली नाहीत तर? भीती गेलेली आणि घर न मिळालेली पिल्लं पार्किंगमध्येच राहणार. ती गाड्यांनाही घाबरणार नाहीत. त्यापेक्षा बुजरी राहिलेली बरी.

पशुवैद्य_सातारा

हा आक्षेप वजनदार आहे. पण अजिबात न हाताळलेल्या पिल्लांना लस देणं आणि नंतर नसबंदीसाठी पकडणं फार जड जातं. चार-पाच महिन्यांत त्यांतली मादी स्वतः गाभण राहू शकते.

अबोली

म्हणून घरं आधी शोधते आहे, आत्ता पिल्लं आईला पित असतानाच. जमलं तर जोडीने देणार, खिडक्यांना जाळी असलेल्या घरातच देणार आणि नसबंदी करायचं लेखी घेणार. ज्याला घर मिळणार नाही त्यालाही हाताळणार, कारण लस आणि नसबंदी त्यालाही लागणारच.

चौथा_मजला

त्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध कायम आहे. घर न मिळालेल्याला पिंजऱ्याने पकडा, टोचा, नसबंदी करा, पण हातावर खायला शिकवू नका. वर्गणी उद्या देतो, पिंजरा आणायला कुणी बरोबर येणार असेल तर सांगा.